पगार जास्त म्हणूनच लोक परदेशी कामाला जातात का?

तुम्ही विचारलंय, पगारातला फरक हेच कारण असेल तर सर्वांत गरीब देशांतूनच सर्वाधिक मजूर बाहेर का पडत नाहीत?

कारण जायलाही पैसे लागतात. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, व्हिसा, तिकीट आणि या सगळ्यांवर कडी करणारं एजंटचं कमिशन. ज्याच्याकडे गहाण टाकायला काहीच नाही, त्याला कर्जही कोणी देत नाही. त्यामुळे गरीब देशाचं उत्पन्न थोडं वाढलं की बाहेर जाणारे बहुधा आधी वाढतात, कमी होतात ते बऱ्याच पुढे. मदत देऊन स्थलांतर थोपवू म्हणणारी सरकारं हे सोयीने विसरतात.

पगाराला महत्त्व आहेच, पण मजूर बघतो ती शिल्लक. खोलीभाडं, जेवण, पैसे पाठवायचं शुल्क वजा जाता घरी किती पोचतात? त्यात विनिमय दरही आला. १९९७च्या आशियाई आर्थिक संकटात फिलिपिन्सचा पेसो गडगडला, तेव्हा डॉलरमध्ये कमावणाऱ्यांच्या घरी तेवढ्याच डॉलरचे जास्त पेसो होऊ लागले.

मला सर्वांत पटतं ते ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या अर्थतज्ज्ञांनी १९८५मध्ये मांडलेलं म्हणणं: हा निर्णय एकट्याचा नसतो, अख्ख्या घराचा असतो. जिथे पीकविमा नाही आणि बँक दारात उभं करत नाही, तिथे घरातला एक जण बाहेर पाठवणं हाच विमा. गावाकडे पाऊस दगा देतो, त्याच महिन्यात दूरदेशीचा पगार बुडत नाही. मग पगारातला फरक फार मोठा नसला तरी घर माणूस पाठवतं.

आता कर्जाचं बघा. समजा २ वर्षांचा करार आहे. सुरुवातीची कमाई सावकाराच्या व्याजात जाते, मग मुद्दल फिटायला लागतं आणि हातात चार पैसे उरू लागतात तेव्हा करार संपत आलेला असतो. म्हणून तो वाढवून घ्यायचा. कबूल केल्यापेक्षा पगार कमी निघाला तरी माणूस तिथेच टिकून राहतो. लोक त्याला भित्रा म्हणतात, मला तो हिशेबी वाटतो. परत फिरला तर कमाई थांबते, व्याज थांबत नाही. खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७चा करार, काही अपवाद वगळता, सांगतो. पण बहुतेक देशांनी त्यावर शिक्कामोर्तबच केलेलं नाही.