मंजूर झालेले आरोग्य केंद्र नेमके कोठे अडते?

प्रश्न : आमचे गाव डोंगराळ तालुक्यात आहे. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र मंजूर झाल्याचे सात वर्षांपूर्वी सांगण्यात आले. तेव्हा गावात पेढेही वाटले गेले. एका ज्येष्ठ शेतकऱ्यांनी रस्त्यालगतची जमीन देऊ केली होती. ते वारले आणि आता त्यांची मुले नकार देत आहेत. दुसरी सोयीची जागा आहे, पण ती वनखात्याची. कोणत्याही कार्यालयात गेलो तरी ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ एवढेच उत्तर मिळते. बाळंतिणीला आजही घाट उतरून तालुक्याला न्यावे लागते. आम्ही कोणाकडे आणि काय मागावे? – एक वाचक

उत्तर : ‘मंजूर’ हा शब्द शासकीय व्यवहारात किमान चार वेगवेगळ्या कागदांसाठी वापरला जातो आणि बहुतेक गावांची फसगत येथेच होते. सपाट भागात 30,000 आणि डोंगरी वा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, या निकषानुसार आपल्या गावाचे नाव आरोग्य विभागाच्या बृहत आराखड्यात (कोठे कोणते केंद्र हवे याच्या एकत्रित यादीत) आले असेल, तर ती केवळ तत्त्वतः मान्यता होय. त्यानंतर जागा ताब्यात येणे, नकाशे व अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता (खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (नकाशे व अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी), निविदा आणि कार्यारंभ आदेश हे टप्पे उरतात. आपल्या पत्रावरून पाहता तुमचा प्रस्ताव पहिल्या पायरीवरच आहे, त्यामुळे पेढे जरा लवकर वाटले गेले, असे म्हणावे लागते.

तोंडी दिलेली जागा ही आरोग्य केंद्रांच्या रखडण्यामागची फार जुनी कथा आहे. दात्याच्या हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्र होऊन सातबाऱ्यावर जिल्हा परिषदेचे नाव लागले नसेल, तर वारसांवर नुसत्या शब्दाचे कायदेशीर बंधन राहत नाही. मुलांना दोष देण्यात किंवा गावबैठकीत त्यांना लाजवण्यात आणखी एक वर्ष घालवू नये. जागेअभावी खोळंबण्याचा दुसरा तोटा असा की, जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढील आर्थिक वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत खर्च न झाल्यास परत जातो आणि मागणीची सुरुवात नव्याने करावी लागते. मध्यंतरी दरसूची, म्हणजे बांधकामाचे शासकीय दर, बदलली, तर जुन्या अंदाजपत्रकात काम घेण्यास कंत्राटदार पुढे येत नाहीत. मग सुधारित प्रशासकीय मान्यतेची फेरी सुरू होते. अशा रीतीने एक विलंब दुसऱ्याला जन्म देतो.

वनजमिनीचा मार्ग मात्र आपण समजता तितका बंद नाही. वनहक्क कायदा म्हणजे केवळ पट्टे वाटण्याचा कायदा, असा समज सरकारी कचेऱ्यांतही आढळतो. प्रत्यक्षात 2006 च्या या कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शासनाने चालवायच्या 13 प्रकारच्या सुविधांसाठी वनजमीन वापरण्याची तरतूद असून दवाखाना वा रुग्णालय त्यांत स्पष्टपणे नमूद आहे. अटी अशा की, जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. आरोग्य केंद्राला एवढी जागा पुरते. त्यामुळे जागेचा गट क्रमांक, क्षेत्र आणि कलमाचा उल्लेख असलेला ठराव ग्रामसभेत करून घ्यावा आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी वनविभागाकडे रीतसर प्रस्ताव द्यावा, यासाठी पाठपुरावा करावा. ‘शासनाने लक्ष घालावे’ अशा मोघम ठरावाचा उपयोग होत नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘विलंब का झाला?’ असे विचारू नये. कारणांचा खुलासा नव्याने तयार करून देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याऐवजी मंजुरीच्या शासन निर्णयाची प्रत, जागेबाबतचा पत्रव्यवहार, संचिकेवरील टिपण्या आणि शेवटचा प्रस्ताव ज्या जावक क्रमांकाने पाठवला तो क्रमांक मागावा. शुल्क 10 रुपये आहे. 30 दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते. जावक क्रमांक हाती आला की ‘वर’ म्हणजे नेमके कोणते टेबल, हे कळते.

प्रश्न : आमच्याकडे इमारत बांधून दोन वर्षे झाली, परंतु कुलूप उघडलेले नाही. असे का व्हावे? – एक वाचक

उत्तर : इमारत आणि माणसे यांची मंजुरी स्वतंत्र चालते. वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेविका, औषध निर्माण अधिकारी, परिचर आदी पदे निर्माण करण्यास वित्त विभागाची संमती लागते आणि ती कायमस्वरूपी खर्चाची बाब असल्याने बांधकामापेक्षा अधिक काळ रेंगाळते. इमारतीचे उद्घाटन करता येते, पदनिर्मितीचे करता येत नाही, हेही एक कारण असावे, असे आम्हांला वाटते. प्रथम इमारतीचे हस्तांतरण झाले आहे का, तसेच वीजजोडणी व पाणी आहे का, हे पाहावे. पुष्कळदा कुलूप एवढ्यासाठीच असते. तसे नसल्यास पदे मंजूर होईपर्यंत शेजारच्या केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आठवड्यातील ठरावीक दिवशी तेथे बाह्यरुग्ण तपासणी करावी, अशी लेखी मागणी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे करावी आणि तिची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. दोन्ही पत्रांवर पोहोच घेण्यास विसरू नये.