वाचक विचारतात: छोट्या शहरातल्या ग्रंथालयाची खरी ताकद कशी ओळखायची?

प्रश्न: आमच्या छोट्या शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कमिटीवर मी यंदा नव्याने आलेय. ग्रंथालयाची बलस्थानं आणि अडचणी यांचा रिपोर्ट माझ्याकडे दिलाय, त्यावरून पुढचं बजेट ठरणार. मीटिंगमध्ये सगळ्यांनी मिळून लिस्ट केली. बलस्थानं म्हणजे जुनी परंपरा, मोठा ग्रंथसंग्रह, शांत वातावरण. अडचणी म्हणजे मोबाईल, पैसा नाही, तरुण वाचत नाहीत. मला ही लिस्ट पटत नाहीये पण सुरुवात कुठून करू तेही कळत नाही.

उत्तर: ताई, पटली नाही हे फार चांगलं झालं, कारण ही लिस्ट कुठल्याही ग्रंथालयाच्या नावाने खपेल, तुमचं ग्रंथालय त्यात कुठे दिसतच नाही. आणि "मोबाईल" ही अडचण लिहून कमिटी करणार काय, त्यावर ठराव कसला मांडणार? अडचण अशी लिहायची की तिच्यावर कोणीतरी काहीतरी करू शकेल.

सुरुवात देवघेवीच्या, म्हणजे पुस्तकं नेल्या-आणल्याच्या नोंदींपासून करा. "मोठा ग्रंथसंग्रह" हे बलस्थान खरं आहे का ते दोन तासांत कळतं. वेगवेगळ्या कपाटांतून, न निवडता, १०० पुस्तकं काढा आणि आतल्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख कोणती ते बघा. त्यातली निम्म्याहून जास्त पाच वर्षांत जागची हललीच नसतील तर तो संग्रह मोठा आहे म्हणून ताकद नाही, उलट जागा अडवतोय आणि चांगली पुस्तकं त्यात लपून बसतायत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच हा आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. तुमच्या रिपोर्टची कसोटी म्हणून हा एक नियम मला पुरेसा वाटतो.

मग वर्षभरातली एकूण देवघेव भागिले एकूण पुस्तकं असं गणित करा, पण सगळ्याचं एकत्र नको, विभागवार करा, खरी मजा तिथेच आहे. समजा पुस्तकं २०,००० आणि वर्षाची देवघेव १०,०००, म्हणजे सरासरी एक पुस्तक दोन वर्षांतून एकदा बाहेर जातं, ऐकायला वाईटच. पण त्यातच बालविभागाची ८०० पुस्तकं असतील आणि ती २,४०० वेळा गेली असतील तर एकेक पुस्तक वर्षात तीनदा फिरलं. हे तुमचं बलस्थान, आणि कदाचित याच विभागाला पुस्तक खरेदीत सगळ्यात कमी पैसे मिळत असतील. असं एक वाक्य रिपोर्टमध्ये आलं की बजेटची चर्चाच वेगळी होते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. संदर्भग्रंथ, तुमच्या भागातली जुनी वर्तमानपत्रं, स्थानिक संस्थांच्या स्मरणिका, हे सगळं देवघेवीत दिसत नाही आणि तरी ते दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. छोट्या शहरातल्या ग्रंथालयाकडे असं काही असेल तर ती फार मोठी ताकद आहे, फक्त ती कपाटात कुलूपबंद आणि कसर लागलेल्या अवस्थेत असेल तर तीच अडचणींच्या बाजूलाही लिहा. एकच गोष्ट दोन्हीकडे आली तर बिघडलं काही नाही. शांत वातावरणाचंही तसंच आहे, अभ्यास करणाऱ्याला ते हवंच असतं आणि लहान मूल घेऊन आलेल्या आईला त्याच शांततेचं दडपण येतं.

ग्रंथपालांबद्दल तर नक्की लिहा, लिस्टमध्ये ते आलेच नाहीत याचं मला वाईट वाटलं. छोट्या ठिकाणी ग्रंथपाल वाचकाला नावाने ओळखतो, कोणाला काय आवडतं ते त्याला पाठ असतं, मोठ्या शहरातल्या ग्रंथालयाला हे जमत नाही. पण हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आहे, तो आजारी पडला किंवा निवृत्त झाला की संपलं. म्हणून पुस्तकांची नीट तालिका, म्हणजे सूची हवी, आणि कॉम्प्युटरवर असेल तर उत्तमच. सॉफ्टवेअर महाग असतं असं कोणी म्हणालं तर कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं नाव सांगा. न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी सिस्टीम २००० साल उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी ही प्रणाली बनवून घेतली आणि सगळ्यांसाठी मोफत खुली केली. म्हणजे ती मुळात छोट्या ग्रंथालयांसाठीच जन्मली. लायसन्सचे पैसे नाहीत, पण ती बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो, तो खर्च बजेटमध्ये धराच.

आता "तरुण वाचत नाहीत". हे तपासल्याशिवाय लिहू नका. सभासद किती आणि त्यातल्या किती जणांनी गेल्या वर्षात एकदा तरी पुस्तक नेलं, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. येणं बंद केलेल्या वीसेक जणांना फोन करून सरळ विचारा. बरेचदा उत्तर वेळेचं असतं, म्हणजे ग्रंथालय नेमकं नोकरी-कॉलेजच्या तासांत उघडं आणि लोक मोकळे झाले की बंद. जे कधी आलेच नाहीत त्यांनाही विचारा. आत बसलेल्या वाचकांकडूनच फॉर्म भरून घेतले तर सगळं छान आहे असंच उत्तर येणार.

पैशाचं थोडक्यात. पगार, वीज, डागडुजी टळत नाही म्हणून कात्री पुस्तक खरेदीला लागते, नवीन पुस्तकं नाहीत म्हणून वाचक गळतात आणि वाचक गळाले म्हणून पुढच्या वर्षी अजून कात्री लागते. गेल्या काही वर्षांचे खरेदीचे आणि देवघेवीचे आकडे एका पानावर मांडलेत तर कमिटीला हे चक्र डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न: लोक जुनी पुस्तकं दान देतात, नाही म्हणता येत नाही. काय करावं?

उत्तर: नियम आधीच लिहून दारात लावा की दान आलेलं पुस्तक ठेवायचं, दुसऱ्याला द्यायचं की रद्दीत काढायचं हे ग्रंथालय ठरवेल. मग नकार द्यायची वेळच येत नाही. वैद्यकीय, कायदा आणि कॉम्प्युटरची जुनी पुस्तकं मात्र ठेवूच नका, जुनी माहिती वाचून कोणाचं नुकसान होऊ शकतं.

प्रश्न: उशिराचा दंड बंद केला तर पुस्तकं परत येतील का?

उत्तर: शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला, हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र ठेवली, आणि मला ही विभागणी योग्य वाटते. दंड वाढत गेला की माणूस लाजेने पुस्तकही देत नाही आणि येतही नाही. आधी बालविभागापुरता सहा महिने बंद करून बघा, परत आलेल्या पुस्तकांची आधीच्या सहा महिन्यांशी तुलना करा आणि मग सगळ्यांसाठी ठरवा.