लेक रात्र-रात्र एम्युलेटरवर काम करते, तिला थांबवू का?

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग जॉबवर्कवर करून देतात. मुलगी कोल्हापुरातच इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ते लिहितात:

"मॅडम, पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर असते. म्हणते, क्यूएमू नावाच्या एम्युलेटरमध्ये मायक्रोकंट्रोलर घालायचं काम करतेय. पैसे कोण देणार विचारलं तर म्हणते, कुणी नाही, ओपन सोर्स आहे. एसटीएम३२ का काय त्याचा बोर्ड बाजारात चार-पाचशे रुपयांना मिळतो, मग तो संगणकात खोटा कशाला बनवायचा? तिचे मामा पुण्यात असतात, ते म्हणतात दीड लाख भरून एम्बेडेडचा कोर्स लावा आणि हे बंद करा. पुढच्या वर्षी कॅम्पसला कंपन्या येणार. तिला थांबवू का, एवढं सांगा."

नमस्कार दादा,

थांबवू नका. पण तिनं हातात घेतलेल्या कामाचा आवाका मात्र कमी करायला सांगा. या दोन्हींची कारणं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही विचारलेला बोर्डाचा प्रश्न फार नेमका आहे आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुमचं समाधान होणार नाही.

क्यूएमू हा फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरनं २००३ साली सुरू केलेला प्रकल्प. एका संगणकावर दुसऱ्याच जातीचं यंत्र सॉफ्टवेअरमधून उभं करायचं आणि त्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम त्यावर जसाच्या तसा चालवायचा, हे त्याचं काम. आज जगभरातल्या कंपन्या आणि विद्यापीठं तो वापरतात, आणि त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो. मायक्रोकंट्रोलर तर तुमच्या शेजारीच आहे: लेथला डीआरओ, म्हणजे माप आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले, बसवला असेल तर त्यात, मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीत, पंपाच्या पॅनेलमध्ये. एकाच चिपमध्ये प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे भाग, म्हणजे टायमर, सिरियल पोर्ट, सेन्सरचं व्होल्टेज आकड्यांत बदलणारा एडीसी, असं सगळं असतं. एसटीएम३२ हे अशाच मायक्रोकंट्रोलरच्या एका कुटुंबाचं नाव, त्यात अनेक मालिका आहेत. आर्डुइनो उनोवरच्या चिपमध्ये जेमतेम ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम असते, आणि तेवढ्यात ती एखादं छोटं मशीन चालवते.

आता बोर्ड चार-पाचशेला मिळत असताना एम्युलेटर कशाला? खरा बोर्ड टेबलावर एक असतो. त्यावर प्रोग्राम चढवायचा, दिवा लागला की नाही बघायचं, नाही लागला तर पुन्हा वायरी तपासायच्या. एम्युलेटरमध्ये तोच प्रोग्राम वाटेल त्या क्षणी थांबवून आतल्या प्रत्येक रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यात, काय आहे ते पाहता येतं. कोडमध्ये एक ओळ बदलली की शंभर चाचण्या आपोआप लावून सकाळी निकाल बघता येतो, त्यासाठी कुणाला बोर्डाशेजारी बसावं लागत नाही. भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरला सेन्सर तुटल्यावर काय होतं हे खऱ्या भट्टीवर करून बघायची कुणाची छाती होणार नाही, पण एम्युलेटरमध्ये ते रोज करता येतं. आणि सर्वात मोठं कारण म्हणजे, नवी चिप कारखान्यातून तयार होऊन येण्याआधीच तिचं सॉफ्टवेअर लिहायला घ्यावं लागतं. तोपर्यंत चिप हातात नसते, तिचं सॉफ्टवेअरमधलं मॉडेल असतं. सेमीकंडक्टर आणि वाहन उद्योगात अशी मॉडेलं बनवणं ही पगारी नोकरी आहे. व्हर्च्युअल प्लॅटफॉर्म, व्हर्च्युअल ईसीयू (ईसीयू म्हणजे गाडीतला कंट्रोलर), प्री-सिलिकॉन व्हॅलिडेशन अशा नावांनी ती जाहिरातींत दिसते.

तरीही तो बोर्ड तिला घेऊन द्याच. मॅन्युअलमध्ये एखादी गोष्ट संदिग्ध असली की खरी चिप कशी वागते ते पाहूनच निर्णय करावा लागतो. शिवाय क्यूएमू घड्याळाच्या ठोक्याइतकी अचूक वेळ पाळत नाही, आणि मोटर सुरू होताना वायरीत येणारा विजेचा गोंधळ तो दाखवू शकत नाही. या मर्यादा तिला खऱ्या बोर्डावरच कळतील.

ती नेमकं करते काय, ते तुमच्याच धंद्यातून सांगते. तुमच्याकडे पार्टीचं ड्रॉइंग येतं, त्यातली मापं आणि टॉलरन्स पाळून तुम्ही जॉब काढता, आणि समोरचा गेज लावून तो पास किंवा रिजेक्ट करतो. तिचं ड्रॉइंग म्हणजे चिपचं रेफरन्स मॅन्युअल, काही मालिकांचं तर हजार पानांच्या वर. प्रोसेसरचा गाभा, म्हणजे एआरएमचा कॉर्टेक्स-एम, क्यूएमूमध्ये आधीपासून आहे. तो तिला बनवायचा नाही. कमी असतात ते भोवतालचे भाग. उदाहरणार्थ सिरियल पोर्ट. एसटीएम३२च्या जुन्या मालिकांत त्याच्या स्टेटस रजिस्टरमध्ये एक बिट असतं, "पुढचा अक्षर-डेटा द्या, जागा रिकामी आहे" असं सांगणारं. प्रोग्राम ते बिट १ होईपर्यंत थांबून राहतो. तिच्या मॉडेलनं ते बिट १ केलंच नाही, तर प्रोग्राम तिथेच अडकतो, कायमचा. दुसरं एक बिट सांगतं की डेटा आला आहे, आणि डेटा रजिस्टर नुसतं वाचलं तरी ते आपोआप ० होतं. म्हणजे इथे वाचण्यानंही यंत्राची स्थिती बदलते. अशा शेकडो बारकाव्यांपैकी एक चुकला तरी वर चाललेला प्रोग्राम विचित्र वागतो, आणि चूक प्रोग्रामची की मॉडेलची हे शोधायला डोकं लागतं. रात्री दोनपर्यंत ती बहुधा यातच असते. हे खरं इंजिनिअरिंग आहे, दादा. एवढ्या बारकाईनं हार्डवेअर समजून घेण्याची संधी तिसऱ्या वर्षाच्या फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळते.

आता आवाक्याबद्दल. "मायक्रोकंट्रोलर घालतेय" हे तिचं वाक्य मला काळजीचं वाटलं. पूर्ण मायक्रोकंट्रोलर म्हणजे वीस-तीस वेगवेगळे भाग. आर्डुइनोत असते त्या एव्हीआर जातीचा आधार क्यूएमूमध्ये यावा म्हणून २०१६ मध्ये पहिले पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचे प्रस्ताव, पाठवले गेले, आणि तो अधिकृतपणे आला २०२० मधल्या ५.१ आवृत्तीत. तिथे प्रोसेसरच नवा होता हे खरं, पण इतका काळ धीर धरणं पदवीच्या विद्यार्थिनीला परवडणारं नाही. याउलट एसटीएम३२एल४ मालिकेतल्या एका बोर्डाचं काम फ्रान्समधल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी केलं. त्यांनी एकेक भाग सुटा करून पाठवला: आधी इंटरप्टचा (प्रोसेसरला मध्येच थांबवून लक्ष वेधणारा), मग क्लॉकचा, मग जीपीआयओ (चिपच्या साध्या इनपुट-आउटपुट पिना), मग सिरियल पोर्ट. २०२४ च्या आवृत्त्यांमध्ये ते टप्प्याटप्प्यानं दाखल झालं. तुमच्या मुलीनं हाच रस्ता धरावा.

त्याहून सोपं म्हणजे नवा बोर्ड न घालता आधीच असलेल्या बोर्डातला रिकामा भाग भरणं. एसटीएम३२एफ१००चा एक डिस्कव्हरी बोर्ड क्यूएमूमध्ये २०२१ पासून आहे, आणि त्यातले बरेच भाग फक्त नावाला, "अजून बनवलेला नाही" अशा पाटीसह ठेवलेले आहेत. तिनं एखादा छोटा प्रोग्राम त्यावर चालवावा आणि न बनवलेल्या भागांना कुठे-कुठे हात लागतो याची नोंद क्यूएमूलाच करायला लावावी. तशी सोय त्यात आहे. त्या यादीतून एकच भाग निवडावा, टायमर किंवा वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणारा भाग), आणि त्याच्या चाचणीसकट तो पूर्ण करावा. सुरू करण्यापूर्वी तेच काम दुसरं कुणी करत नाही ना, हे प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर विचारून घ्यावं. संकोच करू नये. विचारणाऱ्याला तिथे कुणी कमी लेखत नाही.

पॅच पाठवल्यावर त्या भागाचे सांभाळकर्ते तो ओळीनं वाचतात आणि त्रुटी काढतात. मग दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती. मेल इंग्रजीत, थेट आणि कोरडे असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीला ते मनाला लागतात, मी अनेकांना यावरून खचलेलं पाहिलं आहे. तुम्ही तिला एवढंच सांगा की जॉब रिजेक्ट झाला म्हणून तुम्ही वर्कशॉपला कुलूप लावलं नव्हतं. क्यूएमूच्या मुख्य आवृत्त्या वर्षातून तीन वेळा, साधारण एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये येतात, आणि त्याआधीचे काही आठवडे नव्या गोष्टी घेणं बंद असतं. त्या काळात उत्तर आलं नाही तर तिनं वाईट वाटून घेऊ नये, परीक्षेचा अभ्यास करावा.

एक गोष्ट मात्र तिला आवर्जून वाचून दाखवा. एआयकडून लिहून घेतलेला कोड न स्वीकारण्याचं धोरण या प्रकल्पानं २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्यानं स्वतःच्या नावानं ग्वाही द्यायची असते की हे देण्याचा मला हक्क आहे. तिथे लबाडी झाली तर विश्वास जातो, आणि अशा ठिकाणी विश्वास हीच कमाई असते. मॅन्युअलची पानं तिनं स्वतःच वाचावीत. नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं जाईल तेही त्याच पानांतून.

पैशांचं सांगते. हे काम सुरुवातीला विनामोबदलाच असतं. पण गुगल समर ऑफ कोड या कार्यक्रमातून ओपन सोर्सच्या निवडलेल्या कामाला मानधन मिळतं. वय १८ पूर्ण हवं, अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये, आणि रक्कम देशानुसार ठरते. क्यूएमूनं त्यात अनेक वर्षं भाग घेतला आहे. मुलींना अर्ज करता येईल असा आऊटरीची नावाचा कार्यक्रमही आहे, त्यात तीन महिने आठवड्याला ३० तास काम अपेक्षित असतं, म्हणून भारतातल्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुटीतली फेरी सोयीची पडते. बीबीसीनं २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटलेला मायक्रोबिट हा चिमुकला बोर्ड क्यूएमूमध्ये आणण्याचं बरंचसं काम २०१८ साली याच दोन कार्यक्रमांतून आलेल्यांनी केलं. निवडीत स्पर्धा मोठी आहे, म्हणून त्यावर घरखर्चाचं गणित मांडू नका. पण आधी स्वीकारला गेलेला एक पॅच असेल तर अर्जाला वजन येतं.

मामांचा कोर्स आत्ता नको. त्यांचा हेतू चांगला आहे, पण दीड लाख भरून जे शिकवतील त्यातलं बरंचसं, म्हणजे सी भाषा, लिनक्स, गिट, मायक्रोकंट्रोलरचे भाग, ती या कामातून शिकतेच आहे. जिथे ती कच्ची असेल तिथे, समजा इलेक्ट्रॉनिक सर्किट किंवा आरटीओएस (ठरल्या वेळेत काम उरकणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम), कॉलेजातल्या एखाद्या जाणत्या सरांना गाठावं. पदवीनंतर चिप डिझाइनकडे वळायचं तिनं ठरवलं तर कोर्सचा विचार तेव्हा करू.

कॅम्पस सोडू नये, हे मी ठामपणे सांगते. तिथल्या बऱ्याच कंपन्या ॲप्टिट्यूड टेस्ट आणि गुणांची अट लावतात. क्यूएमूचं काम त्यांच्या चाळणीत दिसतच नाही. म्हणून गुण घसरता कामा नयेत. रोज दोन तास, रात्री अकरापर्यंत, एवढी वेळ तिनं स्वतः ठरवून घ्यावी. झोप मोडून केलेल्या कामात अशा बारीक चुका जास्त राहतात, आणि तब्येत बिघडते ती वेगळीच. एम्बेडेडच्या मुलाखतीत मात्र हेच काम सगळ्यात आधी विचारलं जाईल, कारण तिथे ती आपला पॅच, त्यावरचे आक्षेप आणि तिनं दिलेली उत्तरं उघडून दाखवू शकते.

आणि एक मनाची तयारी तुम्ही करा. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या एमआयडीसीत ऑटोमेशनची कामं आहेत, पण मॉडेल बनवण्याच्या या कामासाठी सुरुवातीला पुणे, बेंगळुरू किंवा हैदराबादलाच जावं लागण्याची शक्यता जास्त. अनुभव गाठीशी आल्यावर घरून काम मिळू शकतं. मुलगी बाहेरगावी एकटी कशी राहणार, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण ते मनात असेल तर तिच्याशी आत्ताच मोकळेपणानं बोला, शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका.

पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. कोणती मालिका निवडली, कोणता प्रोग्राम चालवून पाहिला आणि नोंदीत कोणते भाग अपुरे दिसले, एवढं तिनं कळवावं. त्यावरून पहिला भाग कोणता घ्यावा आणि समर ऑफ कोडचा अर्ज याच वर्षी करावा की पुढच्या, ते आपण ठरवू.