द्राक्षाचा कंटेनर आफ्रिकेला वळसा का घालतो?

या वेळी समुद्राच्या कायद्यावर तीन पत्रं आलीत आणि तिन्ही नाशिक जिल्ह्यातली. कसारा घाट उतरल्याशिवाय आपल्याला समुद्राचा वारा लागत नाही, तरी प्रश्न अगदी घरचे आहेत, म्हणून तिन्ही घेते.

प्रश्न: मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. 2024 च्या सीझनला रॉटरडॅमला पाठवलेला आमचा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेला. माल उशिरा पोचला, देठ वाळले म्हणून रेट पाडला. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले. चाचे एवढे माजलेत तर सगळे देश मिळून त्यांना पकडत का नाहीत? आणि माझं नुकसान कोण भरणार?

उत्तर: भाऊ, तुमच्यासारख्या केसेसचे सर्व्हे रिपोर्ट मी वाचलेत, त्यातले फोटो डोळ्यासमोरून जात नाहीत. मणी टणक, रंग छान, आणि देठ मात्र काडीसारखा तपकिरी. घेणारा आधी देठच बघतो, मग ऑक्टोबरच्या छाटणीपासून केलेली सगळी मेहनत तिथेच मातीमोल. शून्य अंशाला धरलेला रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर आणि पेटीतला सल्फरचा पॅड माल टिकवतात, पण त्यालाही मर्यादा आहे, तीनेक आठवड्यांत पोचणारा माल पाच-सहा आठवडे पेटीत राहिला तर पॅड तरी काय करणार!

आता चाच्यांचं. तांबड्या समुद्रात नोव्हेंबर 2023 पासून जहाजांवर हल्ले करणारे येमेनचे हुती बंडखोर कायद्याच्या भाषेत चाचे बसत नाहीत, आणि सगळा घोळ इथेच आहे. संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायद्याचा करार 1982 चा, भारताने तो 1995 मधे मान्य केला. त्याच्या कलम 101 प्रमाणे चाचेगिरी म्हणजे खासगी फायद्यासाठी, एका जहाजावरच्या लोकांनी दुसऱ्या जहाजावर, कुठल्याही देशाच्या 12 सागरी मैलांच्या हद्दीबाहेर केलेली लूट किंवा मारहाण. किनाऱ्यावरून राजकीय कारणाने सोडलेलं क्षेपणास्त्र यात येत नाही. चाचा असला तर खुल्या समुद्रात त्याला जगातलं कुठलंही आरमार पकडू शकतं. हुतींच्या बाबतीत तसं थेट करता येत नाही, तिथे स्वसंरक्षण, सुरक्षा परिषदेचा ठराव असल्या वाटांनी जावं लागतं. 10 जानेवारी 2024 ला परिषदेने हल्ले थांबवा असा ठराव केलाही, पण क्षेपणास्त्रं थांबली नाहीत, आणि कंपन्यांनी तांबड्या समुद्रातून सुएझ कालव्याने जाणारी वाट सोडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपची वाट धरली.

खरे चाचे पकडले जातात बरं का. एमव्ही रुएन हे जहाज डिसेंबर 2023 मधे सोमाली चाच्यांनी पळवलं होतं, मार्च 2024 मधे आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने ते गाठलं, नौदलाचे मार्कोस कमांडो विमानातून पॅराशूटने उतरले, जवळपास 40 तासांच्या कारवाईनंतर 35 चाचे शरण आले आणि 17 खलाशी सुखरूप सुटले. त्या चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं, कारण 2022 मधे आपल्याकडे चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदा झालाय. मला या कारवाईचा मनापासून अभिमान वाटतो.

नुकसानीचं मात्र कडू उत्तर आहे. बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धोका असेल तर कॅप्टन मार्ग बदलू शकतो, आणि जीव नि माल वाचवण्यासाठी घेतलेला वळसा करारभंग धरला जात नाही. कार्गो पॉलिसीत, अगदी सगळ्यात मोठ्या कव्हरच्या पॉलिसीतही, उशिरामुळे झालेलं नुकसान साधारणपणे वगळलेलंच असतं. युद्धाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, पण तेही माल बुडाला, जळाला तर, उशीर झाला म्हणून नाही. एक जागा मात्र बघा: कंटेनरचा टेंपरेचर डेटा मागा. वाटेत मशीन बंद पडून तापमान चढलं असेल तर तो उशीर नाही, मालाची काळजी न घेणं आहे, आणि तिथे क्लेम उभा राहू शकतो. पण माल मिळाल्यापासून, किंवा मिळालाच नसेल तर ज्या दिवशी मिळायला हवा त्यापासून, 1 वर्षात दावा लावावा लागतो, त्यामुळे तुमची ती मुदत गेली असेल असं धरून चाला. वाईट वाटतं सांगताना. पुढच्या सीझनला मात्र माल उतरल्या आठवड्यातच डेटा मागून ठेवा.

प्रश्न: केरळजवळ बुडालेल्या जहाजावर लायबेरियाचा झेंडा का होता? (सिडकोतले एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, जहाजाला झेंडा म्हणजे गाडीला पासिंग, आणि मालक कुठलाही असला तरी स्वस्त नोंदणी नि कमी कर देणाऱ्या देशात पासिंग करून घेता येतं. समुद्र कायद्याच्या करारात जहाज आणि देश यांचं खरं नातं असावं असं लिहिलंय, पण ते पाळलं जात नाही, आणि मला ही या कायद्याची सगळ्यात दुबळी जागा वाटते. मे 2025 मधे बुडालेल्या एमएससी एल्सा 3 वर 640 कंटेनर होते, नंतर प्लॅस्टिकचे साबुदाण्याएवढे पांढरे दाणे केरळच्या वाळूत पसरले, लोक अक्षरशः चाळणीने वाळू चाळत होते. भरपाईसाठी केरळ सरकार लायबेरियाला गेलं नाही, ते हायकोर्टात गेलं आणि त्याच कंपनीशी संबंधित दुसरं जहाज अडकवलं. 2017 च्या आपल्या ॲडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या, कायद्यात ती सोय आहे.

प्रश्न: मी गंगापूर रोडला कॉलेजात शिकते. गोदावरी शेवटी समुद्रालाच मिळते ना, मग रामकुंडावर टाकलेल्या प्लॅस्टिकला समुद्राचा कायदा लागतो का?

उत्तर: किती छान प्रश्न विचारलास गं! लागतो, पण तुझ्या-माझ्यापर्यंत थेट पोचत नाही. जहाजावरून प्लॅस्टिक टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात सक्त मनाई आहे, कुठेही, एक पिशवीसुद्धा नाही. जमिनीवरून आणि नद्यांतून जाणाऱ्या घाणीबद्दल 1982 च्या करारात कलम 207 आहे, त्यात एवढंच की प्रत्येक देशाने आपापले कायदे करून ती रोखावी. म्हणजे कर्तव्य भारत सरकारचं, कायदा आपल्याकडचाच, पाण्याचा 1974 चा आणि पर्यावरणाचा 1986 चा.

पूर ओसरला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी जाऊन बघ, आपण त्याच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर पूर मोजतो, आणि पाणी उतरल्यावर आसपासच्या कठड्यांना, झाडांना त्याच उंचीवर दुधाच्या पिशव्या लटकलेल्या असतात. जे अडकलं ते दिसतं. बाकीचं पुढे गेलं, काही नांदूरमधमेश्वरला, काही जायकवाडीत अडेल, काही 1465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत जाईल.

तुला काही करायचं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे, तिथे बाधित व्यक्तीला अर्ज करता येतो. फोटो काढताना जागा आणि तारीख नीट लिहून ठेव, महापालिकेला आधी लेखी तक्रार दे आणि तिची पोच घे. लवादाच्या कायद्याच्या कलम 14 खाली अर्जाची मुदत कारण घडल्यापासून 6 महिन्यांची असते, ती चुकवू नकोस.