‘बाक्ला’ला मराठीत ‘तृतीयपंथी’ म्हणायचं का?

विचारणा अशी आहे की फिलिपाइन्समधल्या ट्रान्स स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवरचा एक लेख मराठीत करायचाय, त्यात ‘बाक्ला’ हा तिथल्या तागालोग भाषेतला शब्द सारखा येतो, तर त्याला ‘तृतीयपंथी’ लावलं तर चालेल का आणि क्रियापद कुठल्या लिंगात चालवायचं. माझं मत आधीच सांगून टाकते, तृतीयपंथी नको, आणि क्रियापद स्त्रीलिंगीच ठेवा.

बाक्ला हा फार पसरट शब्द आहे. गे पुरुष, जरा नाजूक वागणारा मुलगा, हौसेने बायकांचे कपडे घालणारा, आणि जी स्वतःला पुरती बाई मानते, बाई म्हणूनच जगते ती, सगळ्यांना तिकडे हा एकच शब्द लावतात. सेबूकडे, बिसाया भाषेत, त्यालाच ‘बायोत’ म्हणतात. जुन्या तागालोगमध्ये बाक्लाचा अर्थ बावरलेला, मनाची चलबिचल झालेला असा होता, आजचा अर्थ नंतर चिकटला. ‘बाबाए’ म्हणजे बाई आणि ‘लालाकी’ म्हणजे पुरुष, यांची आद्याक्षरं जोडून शब्द झाला असं बरेच जण सांगतात पण ती लोकव्युत्पत्ती आहे, लेखात टाकू नका. शिवी म्हणूनही तो सर्रास वापरतात, पोरगा रडला की आपल्याकडे ‘बायल्या’ म्हणतात ना, तसाच. पण काही जण तो स्वतःबद्दल अभिमानानेही वापरतात, म्हणजे नुसती शिवी म्हणून मोकळं होता येत नाही.

आता खरी अडचण. बाक्ला म्हणताना ‘हा मुळात पुरुषच’ हे गृहीत धरलेलं असतं, आणि तिथल्या ट्रान्स स्त्रियांचं सगळं दुखणं तिथेच आहे. म्हणूनच २००२ मध्ये सुरू झालेल्या स्ट्रॅप या ट्रान्स स्त्रियांच्या संघटनेने ‘ट्रान्सपिनाय’ हा शब्द पुढे आणला. फिलिपिनो बाईला बोलीत ‘पिनाय’ म्हणतात, त्याला ट्रान्स जोडलं. आम्ही बाया आहोत आणि इथल्याच आहोत, दोन्ही गोष्टी एका शब्दात आल्या.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की तिकडे सगळं छानच आहे. गावच्या जत्रेत ‘मिस गे’ स्पर्धा असते, ब्युटी पार्लर त्याच चालवतात, टीव्हीवर विनोदी कार्यक्रमात असतात, घरी पैसेही पाठवतात. पण हसवलं, केस कापून दिले, तोवरच ही माया टिकते, बाई म्हणून वागायला गेलं की दरवाजा बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्वेझॉन सिटीतल्या कुबाओ भागात एका मॉलमध्ये ग्रेचन दिएझ ही ट्रान्स स्त्री महिलांच्या टॉयलेटला गेली तर सफाई कर्मचारी बाईने अडवलं, हिने मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, प्रकरण वाढलं आणि शेवटी हिलाच बेड्या घालून पोलीस चौकीवर नेलं. आणि हे अशा शहरात जिथे भेदभावाविरुद्धचा स्थानिक कायदा २०१४ पासून लागू होता!

कायद्याचं तर आणखी अवघड आहे. सिल्वेरियो खटल्यात शस्त्रक्रिया झालेल्या एका ट्रान्स स्त्रीने जन्मदाखल्यावरचं नाव आणि लिंग बदलून मागितलं, खालच्या कोर्टाने दिलं होतं, पण २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाकारलं. निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या ‘नर आणि नारी निर्माण केले’ या वचनाने आणि बांबू फुटून मालाकास हा पुरुष व मागांदा ही स्त्री बाहेर आले या तिथल्या लोककथेने होते. म्हणजे पासपोर्टवर, नोकरीच्या अर्जावर, दवाखान्यात सगळीकडे कागद पुरुष म्हणतो आणि समोर बाई उभी. जेराल्डीन रोमान २०१६ मध्ये बाताआन प्रांतातून काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर निवडून आली, तिथली पहिलीच ट्रान्स खासदार, पुढच्या वर्षी भेदभावविरोधी विधेयक कनिष्ठ सभागृहात १९८ विरुद्ध शून्य मतांनी पास झालं, तरी सिनेटने ते अडकवूनच ठेवलं.

म्हणून तृतीयपंथी नको म्हणते. मराठी वाचकाला हा शब्द वाचला की हिजडा समाज, गुरू-चेला, बधाई आठवणार, बाक्लाला अशी जमातीची चौकट नाही, त्या बहुतेक आपापल्या घरी, आईबापांच्या गोतावळ्यात असतात. आणि आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या नाल्सा निकालाने तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली, तिकडे कायद्यात असलं काही नाही. तृतीयपंथी लिहिलंत तर जो हक्क त्यांना मिळालेलाच नाही तो मिळालाय असं वाचकाला वाटेल, आणि ज्या स्वतःला बाई म्हणतात त्यांना आपण परत तिसऱ्या खणात टाकू.

क्रियापदाचं बघा. तागालोगमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हीला ‘सिया’ हा एकच शब्द, क्रियापदालाही लिंग नाही, त्यामुळे मूळ वाक्य वाचून काही कळत नाही. मराठीत मात्र ‘गेला’ की ‘गेली’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, आणि ‘गेला’ लिहिलंत की तुम्ही त्या कोर्टाच्या बाजूला जाऊन बसलात. जेनिफर लाउदेचं उदाहरण लेखात असेलच. ऑक्टोबर २०१४ मध्ये ओलोंगापोच्या एका लॉजमध्ये अमेरिकी मरीन सैनिक जोसेफ स्कॉट पेम्बर्टनने तिला मारलं, ती ट्रान्स आहे हे कळल्यावर फसवणूक झाली असा त्याचा बचाव होता. आरोप खुनाचा होता पण शिक्षा कमी गंभीर कलमाखाली झाली, तिथे ‘खून केल्याबद्दल दोषी’ असं लिहू नका, ‘सदोष मनुष्यवध’ लिहा. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंनी त्याला माफी देऊन सोडलं. बातम्यांमध्ये तिचं कागदावरचं पुरुषी नाव आधी आणि जेनिफर अवतरणात असं पुष्कळदा छापलं जायचं, ते नाव मराठीत आणायचं काहीच कारण नाही.

तर लेखकाच्या निवेदनात ‘ट्रान्स स्त्री’, संघटनेचा संदर्भ असेल तिथे ‘ट्रान्सपिनाय’, आणि कुणाच्या तोंडचं वाक्य असेल, टोमणा असेल, तर ‘बाक्ला’ तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. ‘पारलिंगी’ही चुकीचा नाही, पण तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागतो, म्हणून एकटा वापरू नका, ‘पारलिंगी स्त्री’ असा वापरा.