हेंडरसन फील्ड: धावपट्टी, तळ की विमानतळ?

प्रश्न: ग्वाडालकॅनालच्या लढाईवरचा मजकूर मराठीत आणतोय. त्यातल्या हेंडरसन फील्डला सरसकट 'विमानतळ' म्हटलं तर चालेल का?

सरसकट नको. आज विमानतळ म्हटलं की तिकीट, सामानाची ट्रॉली आणि सोडायला आलेले नातेवाईक आठवतात. जुलै १९४२ मध्ये सॉलोमन बेटांतल्या ग्वाडालकॅनालवर, लुंगा टोकाजवळ, जपानी लोक बांधत होते ती निव्वळ धावपट्टी. काम दोन्ही टोकांकडून सरकत आलं होतं. मधला जेमतेम २०० फुटांचा तुकडा उरला असताना, ८ ऑगस्टला, अमेरिकी मरीन सैनिकांनी ती घेतली आणि जपान्यांचेच रोलर फिरवून पुरी केली. इथवर 'धावपट्टी'च लिहा.

२० ऑगस्टला १९ वाइल्डकॅट आणि १२ डॉन्टलेस विमानं तिथे मुक्कामाला आली. आता 'हवाई तळ' म्हणा. तळ म्हणजे मुळात मुक्कामाची जागा: पालखीतळ घ्या, नाहीतर फौजेने ठोकलेला तळ. विमान उतरतं धावपट्टीवर, राहतं तळावर. १३ ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या जपानी युद्धनौकांनी जवळजवळ हजारभर १४ इंची गोळे डागले ते तळावर. ४१ माणसं मेली, ९० पैकी ४८ विमानं निकामी झाली, बहुतेक इंधन जळालं. खड्डे मात्र धावपट्टीलाच पडतात आणि तिथलेच बुजवले जातात. भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून तिथे अंथरत. खराब झालेली पट्टी उचलायची, खड्डा भरायचा, नवी पट्टी अडकवायची. त्या अंथरणीला 'मार्स्टन मॅट'च राहू द्या, उगाच 'चटई' नको.

'फील्ड'चंही मैदान करू नका, ते विशेषनाम आहे. मिडवेच्या लढाईत, जून १९४२ मध्ये, पडलेले मरीन वैमानिक मेजर लॉफ्टन हेंडरसन यांचं नाव या जागेला दिलं. २००३ मध्ये ते बदलून होनिआरा आंतरराष्ट्रीय विमानतळ झालं. तिथे तुमचा 'विमानतळ' बिनधास्त वापरा.

मजकुरात 'फायटर वन' येईलच. मुख्य धावपट्टीच्या पूर्वेला लढाऊ विमानांसाठी केलेली ही गवताळ पट्टी. ऑक्टोबरच्या त्या माऱ्यानंतर विमानं इथूनच उडाली. सैनिक तिला 'काऊ पाश्चर' म्हणत. याला मराठीत शब्द शोधायची गरजच नाही, सरळ 'गायरान' लिहा.