उशिरा आलेल्या वहीचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की सहावी ते आठवीचे वर्ग यंदा पहिल्यांदाच हातात आलेत आणि उशिरा येणाऱ्या गृहपाठाबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळालेत. एक सहकारी म्हणतात, दुसऱ्या दिवशी वही आली नाही की सरळ शून्य. दुसरे म्हणतात, सत्र संपेपर्यंत कधीही आणू दे, काम झाल्याशी मतलब. मी या वयाच्या मुलांना बरीच वर्षं गणित शिकवतेय, आणि मला दोन्ही सल्ले पटत नाहीत. मुदत कडक ठेवायची की सैल, हे ठरवण्याआधी स्वतःला विचारा: वही आली की मी तिचं नेमकं काय करणार आहे?

उद्याच्या तासाला त्याच उदाहरणांवरून पुढे जायचं असेल, तर मुदत कडकच हवी. अपूर्णांकांच्या भागाकाराची सहा उदाहरणं दिली, दुसऱ्या दिवशी ती फळ्यावर सोडवून झाली, की चौथ्या दिवशी आलेल्या वहीत तपासण्यासारखं काही उरत नाही. ती फळ्यावरून उतरवलेली असते. अशा कामाला उशिराची सवलत देऊ नका, पण त्याला गुणही ठेवू नका. केलं किंवा नाही केलं, एवढी खूण पुरते. ज्यानं केलं नाही त्याला त्याच प्रकारची वेगळी दोन-तीन उदाहरणं द्यायची. निबंध, प्रयोगाचा अहवाल, प्रकल्प यांचं तसं नाही. तुम्ही ते वाचायला शनिवारी बसणार असाल, तर गुरुवारची वही शुक्रवारी आली म्हणून कुणाचंच काही अडत नाही. तिथे दोन-तीन दिवसांची सूट आधीच जाहीर करून ठेवा, म्हणजे प्रत्येकाचं कारण खरं की खोटं याचा निवाडा करत बसावं लागत नाही.

शेवटची हद्द मात्र हवीच, आणि माझ्या मते ती त्या घटकाची चाचणी. चाचणी झाल्यावर त्याच घटकाचा सराव मागण्यात अर्थ नसतो. ‘सत्र संपेपर्यंत कधीही’ म्हटलं की शेवटच्या आठवड्यात टेबलावर गठ्ठा येऊन पडतो, आणि त्या गठ्ठ्यात शिकणं फार कमी असतं. एकदा एका मुलाच्या वहीत १ ची शेपटी इतकी लांबली होती की तो ९ वाटत होता. मागाहून आलेल्या वह्यांमध्ये तिथे ठसठशीत ९ होता, आणि खालची सगळी आकडेमोड १ धरून बिनचूक! आता तर फोनवरून उत्तर मिळवायला शेजाऱ्याची वहीसुद्धा लागत नाही. उशिरा आलेल्या कामाबद्दल मुलाला उभ्या उभ्या दोन प्रश्न विचारले की कळतं काय ते.

आता शून्याचं बघू. एखाद्या मुलीला चार कामांत ८० गुण आहेत आणि पाचवं तिनं दिलंच नाही. सरासरी येते ६४. हा आकडा घरी गेला की पालक समजतात, गणित बेताचं आहे, शिकवणी लावू. खरं तर गणित चांगलं आहे, एक वही आली नाही, एवढंच. या दोन दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि सरासरी काढली की नेमका तोच फरक पुसला जातो. म्हणून वेळेत देण्याची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा आणि पालकसभेत ती वेगळीच दाखवा.

रोज दहा टक्के कापण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे. मला ती आवडत नाही. पाचव्या दिवसापर्यंत मूल हिशेब करतं की आता अर्धेच गुण मिळणार, मग कशाला करायचं? त्याचं गणित अगदी बरोबर असतं. शिवाय कुणाची वही कोणत्या तारखेला आली याचं खातं सांभाळण्यात तुमची संध्याकाळ जाते. कापायचेच असतील तर एकदाच थोडे कापा, पहिल्या दिवशी असो की सहाव्या. मग काम पूर्ण करण्यात मुलाला शेवटपर्यंत काहीतरी मिळण्यासारखं राहतं.

पण उशिराचा नियम घासूनपुसून नीट करण्याआधी गृहपाठ किती देताय ते मोजा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर हे या विषयावरचं मोठं नाव. इयत्तेच्या आकड्याला दहानं गुणायचं, तेवढी मिनिटं रोजचा गृहपाठ, हा ढोबळ नियम त्यांच्या लिखाणातून सगळीकडे पोहोचला. म्हणजे सहावीला ६० मिनिटं आणि आठवीला ८०, तीही सगळे विषय मिळून! कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात गृहपाठ आणि गुण यांचा संबंध सातवी ते बारावीत सहावीपर्यंतच्या वर्गांपेक्षा जास्त ठळक दिसला. म्हणजे तुमचे वर्ग बरोबर त्या सीमारेषेवर आहेत: गृहपाठ निरर्थक नाही, पण ढीगभर देऊन फायदाही नाही.

गोची इथेच होते. खालच्या वर्गांत बहुतेक विषय एकच बाई शिकवतात, त्यांना दिवसाचं ओझं दिसत असतं. सहावीत पाच-सहा शिक्षक येतात, प्रत्येकजण ‘अर्ध्या तासाचंच तर आहे’ म्हणून काम देतो आणि मुलाच्या डोक्यावर तीन तास बसतात. वर्गात फळ्याचा एक कोपरा राखून ठेवा. जो जे देईल त्यानं तिथे विषय, तारीख आणि अंदाजे मिनिटं लिहायची. नंतर येणारा शिक्षक ते वाचून आपलं काम कमी करतो किंवा एक दिवस पुढे ढकलतो. आमच्याकडे उशिरा येणाऱ्या वह्या सगळ्यात जास्त कमी झाल्या त्या या कोपऱ्यामुळे. मिनिटांचा अंदाज मात्र तुमच्या वेगावरून बांधू नका. वर्गातल्या मधल्या फळीतल्या मुलाला किती वेळ लागतो ते तासालाच घड्याळ लावून एकदा बघून घ्या.

गृहपाठ सांगण्याची वेळही बदला. घंटा झाल्यावर, दप्तरांच्या चेन ओढल्या जात असताना सांगितलेला गृहपाठ निम्म्या वर्गाला ऐकूच जात नाही. तास सुरू होतानाच फळ्यावर लिहा आणि डायरीत उतरवून घ्यायला दोन मिनिटं द्या. सहावीच्या मुलांकडून तर पहिलं उदाहरण वर्गातच सुरू करून घ्या. अडलं तर तिथेच कळतं, रात्री नऊ वाजता नाही.

मोठ्या प्रकल्पांना एकच अंतिम तारीख देऊ नका, एवढं माझं ऐका. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५. वीस-बावीस वर्षांच्यांची ही कथा, तर बारा वर्षांच्या मुलानं ‘होईल की रविवारी’ म्हटलं यात नवल काय? एरिएली आणि वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये मुदतींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मजकुरातल्या चुका शोधण्याच्या कामात, ज्यांना बाहेरून समान अंतरानं मुदती घालून दिल्या होत्या त्यांचं काम सगळ्यांत सरस ठरलं, आणि ज्यांना फक्त शेवटची एक तारीख होती त्यांचं सगळ्यांत मागे पडलं. तेव्हा विषय ठरवणं, टिपणं, कच्चा मसुदा, पक्की प्रत अशा चार तारखा द्या आणि प्रत्येकीला वही उघडून बघा. नुसत्या तारखा देऊन उपयोग नाही.

वही आली नाही की मुलाकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: कोणतं काम राहिलं, का राहिलं, कधी देणार. तीन ओळी, त्याच्याच हस्ताक्षरात. पालकांची सही पहिल्याच वेळी मागू नका. तीच गोष्ट तिसऱ्यांदा झाली की घरी फोन करा. या चिठ्ठ्या साठवून ठेवल्या की कल दिसतो. एकाच्या सगळ्या चिठ्ठ्या सोमवारच्या असतात, कारण शनिवार-रविवार तो दुसऱ्या घरी असतो. एकीला घरी धाकटं भावंड सांभाळावं लागतं. पिसा या अनेक देशांतल्या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, २०१२ मध्ये, पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये सुस्थितीतल्या घरांतली मुलं आठवड्याला सरासरी ५.७ तास गृहपाठ करत होती, तर हलाखीच्या घरांतली ४.१ तास. हा फरक केवळ आळसाचा नसतो. अशा मुलांसाठी शाळेतच आठवड्यातून एकदा बसून काम पूर्ण करायची जागा ठेवा. मधली सुट्टी किंवा खेळाचा तास मात्र कापू नका, वर्गात सर्वांत जास्त हलायची गरज बहुधा त्यांनाच असते.

आजारी मुलाचा नियम सोपा आहे: जितके दिवस गैरहजर, तितके दिवस जादा. आधीच ठरलेली सुट्टी असेल तर मोठं काम जाण्यापूर्वी घ्यायचं.

आणि तुमच्या शाळेत शून्याचा नियम लेखी असेल, तर त्याच्याशी भांडत पहिलं वर्ष घालवू नका. नोंदवहीत त्या रकान्यात आधी पेन्सिलीनं ‘अपूर्ण’ लिहा, मुलालाही तोच शब्द सांगा, आणि शून्य भरायचं ते घटकाच्या चाचणीच्या दिवशी. मुख्याध्यापकांना हे आधी विचारून घ्या. नियम मोडत नाही आणि कामं पूर्ण होऊन येतात, एवढं सांगितलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.